चिमुकल्या रिव्हेटला किती वीज?

पनवेलजवळच्या तळोज्यात हिंदाल्कोचा अल्युमिनियमचे पत्रे लाटणारा मोठा कारखाना आहे. आमची चिंता मात्र नखाएवढ्या रिव्हेटांची होती. प्रयोगशाळेत त्यांचे अ‍ॅनोडायझिंग करायचे, तर विजेचा स्रोत कोणता घ्यावा?

1923 साली इंग्लंडमध्ये बेंगॉ आणि स्टुअर्ट यांनी समुद्री विमानांचे ड्युरॅल्युमिनचे भाग गंजू नयेत म्हणून क्रोमिक आम्लात धनाग्र करून टांगले आणि दाब टप्प्याटप्प्याने 50 व्होल्टपर्यंत चढवला. 1927 मध्ये सल्फ्युरिक आम्लाची पद्धत आली. तिला 12 ते 20 व्होल्ट पुरतात. दोन्हींना एकदिश प्रवाह हवा; आपल्या खोपोलीचे 1915 चे वीजकेंद्र मात्र प्रत्यावर्ती प्रवाहाचे! तो एकदिश करणारे त्या काळचे एक साधन खुद्द अल्युमिनियमचेच होते. नोडॉनच्या झडपेत अल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर प्रवाहाला जवळजवळ एकाच दिशेने वाट देई. पुढे सेलेनियमचे, मग सिलिकॉनचे एकदिशकारक आले.

आता आमची फजिती. सल्फ्युरिक आम्लात दर 100 चौरस सेंटिमीटरला सुमारे दीड अँपिअर लागतो. रिव्हेटचे क्षेत्रफळ 4 चौरस सेंटिमीटर, म्हणजे 60 मिलिअँपिअर. आम्ही आणलेल्या बॅटरी चार्जरच्या मीटरचा काटा एवढ्याने हलेचना. मग छोटा स्रोत आणून बरोबर 60 मिलिअँपिअर प्रवाह ठेवला, तरी थर पातळच! रिव्हेट टांगलेली अल्युमिनियमची तार आम्ही हिशेबात धरलीच नव्हती. 2 मिलिमीटर जाडीच्या तारेची 6 सेंटिमीटर लांबी आम्लात असेल, तर तिचेच क्षेत्रफळ सुमारे पावणेचार चौरस सेंटिमीटर भरते. निम्मा प्रवाह तारेनेच खाल्ला होता. (तांब्याची तार तर वापरूच नये, ती विरघळते.)

म्हणून इतक्या लहान वस्तूंसाठी आम्ही प्रवाह नव्हे, दाब स्थिर ठेवणे पसंत केले. बेंगॉ-स्टुअर्टही दाबावरच चालत. 0 ते 30 व्होल्टचा, दाब आणि प्रवाह दोन्हींना मर्यादा घालता येणारा 1 अँपिअरचा स्रोत पुरतो. मोटारीच्या बॅटरीचा प्रवाह एकदिश आणि संथ खरा, पण 12 व्होल्ट थोडे अपुरे पडतात आणि तारा चुकून एकमेकींना टेकल्या तर शेकडो अँपिअर वाहतात.

दाब स्थिर ठेवला तरी तापमान सांभाळावे लागते. आम्ल 20 अंशांच्या आसपास हवे. एप्रिलमधल्या पनवेलमध्ये ते सहज 32 अंशांवर जाते आणि थर तयार होता होताच विरघळू लागतो. आम्ही आम्लाचे भांडे बर्फाच्या परातीत ठेवले.