'क्वेकर सिटी'चा पहिला दिवस

इ. स. १८६७ च्या जून महिन्याची ८ तारीख, शनिवार. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर पावसाची झड लागून राहिली होती. दुपारच्या सुमारास 'क्वेकर सिटी' नांवाच्या आगबोटीवर चढण्यासाठीं गाड्यांतून आणि पायीं लोक येत होते. ट्रंका, पेट्या, हातपिशव्या यांचे ढीग डेकवर भिजत पडले होते. चार-दोन बातमीदार सोडले, तर या मंडळींत कामधंद्यासाठीं परदेशीं चाललेला असा क्वचितच कोणी असेल. सर्वजण फिरावयास निघाले होते, आणि जेथून निघावयाचें तेथेंच पांच-साडेपांच महिन्यांनीं परत यावयाचें होतें. त्या काळीं लोक समुद्र ओलांडीत, तो गरज म्हणून. त्यावर मौजेखातर राहावयास जावें, आणि तेंहि एका स्वतंत्र आगबोटींतून, ही कल्पना अमेरिकेंत अगदींच नवी होती.

कल्पना कॅप्टन चार्ल्स डंकन याची. त्यानें काढलेलें जाहिरातपत्रक वाचून कोणाच्याहि तोंडास पाणी सुटावें. दीडशें प्रवाशांची सोय होईल अशी पहिल्या प्रतीची आगबोट घ्यावयाची, पण तिच्यांत तीनचतुर्थांशच प्रवासी घ्यावयाचे. बोटीवर ग्रंथसंग्रह आणि वाद्यें असावयाचीं, अनुभवी डॉक्टर असावयाचा. भाडें माणशीं १२५० डॉलर. जमिनीवरील सफरींचा खर्च निराळा, दिवसास सुमारें ५ डॉलर, तोहि सोन्याच्या नाण्यांत. आणि ही रक्कम मोजण्याची ऐपत असली म्हणजे झालें असेंहि नव्हतें. अर्ज एका समितीपुढें जावयाचा आणि अर्जदार पसंतीस उतरावयाचा. अझोर्स बेटें, जिब्राल्टर, इटली, ग्रीस, कॉन्स्टॅन्टिनोपल, पॅलेस्टाईन आणि ईजिप्त एवढा पल्ला ठरला होता. पॅलेस्टाईन हें त्यांतलें मुख्य आकर्षण. कारण या सर्व खटाटोपाच्या मुळाशीं ब्रुकलिनच्या प्लिमथ चर्चमधील श्रद्धाळू आणि सुखवस्तु मंडळी होती. सहल आणि यात्रा यांची ही गांठ पहिल्यापासूनच मारलेली होती, आणि ती पुढें किती काचणार हें तेव्हां कोणासच दिसलें नाहीं.

समाजाला मोह पडला तो मात्र माणसांचा. त्या चर्चचे विख्यात धर्मोपदेशक हेन्री वॉर्ड बीचर येणार, यादवी युद्धांत कीर्ति मिळविलेले जनरल शर्मन येणार, अशी बोलवा होती. बीचर यांनीं आयत्या वेळीं बेत रद्द केला. शर्मन यांना पश्चिमेकडील मैदानांत इंडियन टोळ्यांशीं चाललेल्या लढ्यामुळें निघतां येईना. मग बीचर यांच्या मागें जाणारांपैकीं पुष्कळांचा उत्साहहि ओसरला. निघण्याच्या दिवशीं बोटीवर चढले ते सत्तरच्या आंतबाहेर प्रवासी. त्यांत धर्मोपदेशक होते, डॉक्टर होते, निरनिराळ्या पंधरा संस्थानांतून आलेले सभ्य गृहस्थ होते, आणि बहुतेकांनीं समुद्र यापूर्वीं पाहिला असला तरी किनाऱ्यावरूनच.

बोटीचाहि एक पूर्वेतिहास होता. १८५४ सालीं फिलाडेल्फियास बांधलेली ही दोन्ही अंगांस चाकें असलेली आगबोट यादवी युद्धांत उत्तरेच्या आरमारांत होती, आणि दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी करण्याचें काम तिनें केलें होतें. युद्ध संपून दोनच वर्षें झालीं होतीं. ज्या डेकवर कालपरवां आरमाराचे खलाशी वावरत होते, तेथें आतां पंखे आणि छत्र्या घेतलेल्या स्त्रिया बसण्यास कोरडी जागा शोधीत होत्या. आजच्या मापानें पाहिलें तर बोट लहानच. खालच्या मजल्यावरील एका केबिनमध्यें दोन निजण्याच्या फळ्या, एक अंधुक गवाक्ष, हात धुण्याचें भांडें आणि गादी घातलेली एक लांब पेटी एवढें सामान होतें. पेटी बसावयासहि आणि कपडे ठेवावयासहि. माणसाला वळतां येईल इतकी जागा उरत होती. त्या काळच्या समजुतीप्रमाणें ही चैनच.

या केबिनमधील एक भाडेकरी म्हणजे सॅम्युअल क्लेमेन्स, वय वर्षें ३१. 'मार्क ट्वेन' या नांवानें तो वाचकांस थोडाबहुत ठाऊक होऊं लागला होता. त्याचें भाडें सॅन फ्रान्सिस्कोच्या 'आल्टा कॅलिफोर्निया' या पत्रानें भरलें होतें आणि त्याबद्दल त्यानें प्रवासांतून पत्रें लिहून पाठवावयाचीं होतीं. पहिल्या दिवसाचा जो वृत्तांत आज उपलब्ध आहे, त्याचा मोठा भाग त्याच्याच लेखणींतून उतरलेला आहे. विनोदी लेखकाची साक्ष थोडी जपूनच घ्यावी लागते, हें येथें सांगितलेलें बरें.

निघण्याची वेळ झाली. निरोप द्यावयास आलेल्यांना खालीं उतरविण्यांत आलें, शिडी ओढली गेली, चाकें फिरूं लागलीं. जयघोष करण्याचा यत्न झाला, तो क्षीण निघाला; धक्क्यावरून उत्तर आलें तेंहि तसेंच. निशाण फडकविण्याचा प्रयत्न फसला. सलामीच्या तोफा होत्या, पण दारूगोळा नसल्यामुळें त्या मुक्याच राहिल्या. अशा थाटांत 'क्वेकर सिटी' जगप्रवासास निघाली आणि बंदराच्या टोकापर्यंत जाऊन थांबली.

बाहेर समुद्र खवळलेला होता. बंदराच्या आंतूनहि त्याच्या लाटा दिसत होत्या. डंकन यानें नांगर टाकण्याचा हुकूम दिला. या निर्णयाची पुढें बरीच थट्टा झाली. पण तो शहाणपणाचाच होता. नारळी पौर्णिमेपूर्वीं होडी न लोटणाऱ्या आपल्या कोंकणच्या नाखव्याला तो समजावून सांगावा लागणार नाहीं. नवख्या प्रवाशांना पहिल्याच तासांत वादळाच्या तोंडीं देऊन काय साधलें असतें? मात्र ज्यांनीं १२५० डॉलर मोजले होते, त्यांना घराच्या इतक्या जवळ पांच वांव पाण्यांत, पावसाखालीं स्वस्थ बसावें लागलें, हीहि गोष्ट खरीच. एका प्रवाशाचे तरुण मित्र दोन लहान आगबोटींतून शॅम्पेन घेऊन निरोप द्यावयास मागोमाग आले होते. संध्याकाळीं त्यांच्याहि बोटी परतल्या, आणि मग बोटीवर फक्त पावसाचा आवाज राहिला.

तेवढ्यांत घंटा वाजली. नव्या आणि उत्साही प्रवाशांना वाटलें असेल कीं नाच असेल किंवा पत्त्यांचा डाव मांडला जाईल. घंटा प्रार्थनासभेची होती.

या घंटेनेंच प्रवाशांचे दोन तट पाडले. एकीकडे वडीलधारी, सश्रद्ध, पवित्र भूमीच्या दर्शनासाठीं आसुसलेली मंडळी. दुसरीकडे ट्वेन आणि त्याचे दोन-चार सोबती, ज्यांना धूम्रपान, पत्ते आणि रात्रीच्या गप्पा हव्या होत्या. सहल म्हणजे काय याविषयीं दोघांचीहि कल्पना प्रामाणिक होती. जाहिरातपत्रकानें दोघांसहि एकाच वेळीं आश्वासन दिलें होतें, दोष असलाच तर तेथें. रविवार उजाडला तोहि नांगरावरच. अखेर सोमवारीं, १० जूनला, बोट खुल्या समुद्रांत शिरली आणि एकामागून एक प्रवाशांना बोट लागूं लागली. डेकवरचीं वयस्क मंडळी कठडे धरून उभी होती. ट्वेनला स्वतःला कांहीं झालें नाहीं, आणि इतरांचे हाल पाहून मनुष्याला जें गुप्त समाधान वाटतें तें त्यानें लपविलें नाहीं.

ऑगस्टमध्यें यालटा येथें झार दुसरा अलेक्झांडर यानें या प्रवाशांचें स्वागत केलें. १९ नोव्हेंबरला बोट न्यूयॉर्कला परतली, आणि दुसऱ्याच दिवशीं 'न्यूयॉर्क हेरल्ड'मध्यें ट्वेनचें पत्र छापून आलें. त्यांत सारी सहल त्यानें प्रेतयात्रेच्या पंक्तीस नेऊन बसविली होती. सहप्रवाशांस राग आला यांत नवल नाहीं. त्यांपैकींच एक असलेल्या श्रीमती फेअरबँक्स यांचा स्नेह मात्र त्याला जन्मभर लाभला, आणि चार्ली लँग्डन या तरुण सोबत्याची बहीण ऑलिव्हिया हिच्याशीं १८७० सालीं त्याचा विवाह झाला. प्रवासाच्या पत्रांवरून तयार झालेला 'द इनोसन्ट्स अब्रॉड' हा ग्रंथ १८६९ सालीं निघाला व हातोहात खपला.

बोटकंपन्यांनीं हा धंदा नीट अंगीकारला तो बराच उशिरां. हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या आल्बर्ट बालिन यानें हिवाळ्यांत रिकाम्या पडणाऱ्या 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' बोटीस १८९१ च्या जानेवारींत २४१ प्रवासी देऊन भूमध्य समुद्रांत पाठविलें, आणि त्यानंतर दहा वर्षांनीं केवळ सहलींसाठीं बांधलेली, फक्त पहिल्या वर्गाच्या केबिनींची 'प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझ' समुद्रावर आली.

ट्वेन १८९६ सालीं मुंबईस आला, त्या वेळीं तो सहलीस निघाला नव्हता. धंद्यांत बुडाल्यावर कर्ज फेडण्यासाठीं तो व्याख्यानें देत पृथ्वीप्रदक्षिणा करीत होता. खोकल्यानें त्याला वॉटसन हॉटेलांतील खोलींत कांहीं दिवस अडकवून ठेवलें. बरें वाटल्यावर नॉव्हेल्टी थिएटरांत त्याचें व्याख्यान झालें.