ससून, डेव्हिड
(ऑक्टोबर १७९२–७ नोव्हेंबर १८६४). बगदादहून येऊन मुंबईत स्थायिक झालेले ज्यू व्यापारी, दानशूर व ससून उद्योगघराण्याचे संस्थापक. जन्म बगदादचा. वडील सालेह ससून तेथील पाशांचे खजिनदार होते. दाऊद पाशाच्या राजवटीत ज्यूंचा छळ सुरू झाल्यावर डेव्हिड यांनी बगदाद सोडले व इराणी आखातावरील बुशहर बंदर गाठले. तेथून १८३२ मध्ये ते सहकुटुंब मुंबईस आले.

मुंबईत त्यांनी डेव्हिड ससून आणि कंपनी ही पेढी काढली. ब्रिटिश कापड आखाती देशांत धाडणे आणि तिकडचा माल मुंबईत आणून विकणे, हा सुरुवातीचा व्यवहार. पुढे कापूस, सूत व अफू यांची भर पडली. अरबी, हिब्रू, तुर्की व फार्सी या भाषा त्यांना येत. १८५३ मध्ये त्यांना ब्रिटिश नागरिकत्व मिळाले.

दोन विवाहांतून त्यांना आठ मुलगे झाले. मुलगे वयात आले की त्यांना परगावच्या बंदरांत पेढीच्या कामावर पाठवायचे, ही ससूनांची रीत. बगदादहून येणाऱ्या ज्यू तरुणांनाही पेढीत काम मिळे. नानकिंगच्या तहाने चीनची बंदरे खुली झाल्यावर दुसरे पुत्र इलियास (१८२०–८०) १८४४ मध्ये कँटनला गेले. हाँगकाँग व शांघाय येथेही पेढीने पाय रोवले. चीनच्या व्यापारातील मोठी कमाई माळव्याच्या अफूवर झाली. घराण्याचा दानधर्म सर्वज्ञात असला, तरी त्यामागील संपत्तीचा हा उगम नोंदवणे आवश्यक आहे.

अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, भारतीय कापसाचे भाव कडाडले आणि मुंबईच्या निर्यातदारांची भरभराट झाली.  

मुंबईतील भायखळ्याचे मागेन डेव्हिड सिनेगॉग, मुलांसाठीचे सुधारगृह, डेव्हिड ससून ग्रंथालय आणि पुण्याचे ससून रुग्णालय ही त्यांच्या देणग्यांची ठळक उदाहरणे. पुण्यातील ओहेल डेव्हिड सिनेगॉग, म्हणजेच लाल देवळाचे बांधकाम १८६३ मध्ये सुरू झाले. ससून रुग्णालयाप्रमाणेच त्याचाही आराखडा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा. पुणे येथेच डेव्हिड यांचे निधन झाले; त्यांची समाधी लाल देवळाच्या आवारात आहे.

त्यांच्यामागे थोरले पुत्र अब्दुल्ला ऊर्फ अल्बर्ट (१८१८–९६) पेढीचे प्रमुख झाले. कुलाब्याची ससून गोदी (१८७५) त्यांनी बांधली, तसेच ज्यावरून काळा घोडा परिसराला नाव पडले तो अश्वारूढ पुतळाही त्यांनीच शहराला दिला. १८९० मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. इलियास यांनी १८६७ मध्ये वेगळे होऊन ई. डी. ससून कंपनी स्थापन केली. तिची गणना पुढे मुंबईतील बड्या गिरणीमालकांत झाली. डेव्हिड यांचे पुत्र रुबेन व आर्थर इंग्लंडमध्ये राहिले व पुढे सातवा एडवर्ड झालेल्या युवराजाच्या मित्रवर्तुळात वावरले. तिसरे पुत्र ससून डेव्हिड ससून यांची मुंबईत जन्मलेली कन्या रेचेल बिअर यांनी लंडनच्या ऑब्झर्व्हर व संडे टाइम्स या वृत्तपत्रांचे संपादन केले. पहिल्या महायुद्धावरील कवितांसाठी प्रसिद्ध असलेले सीगफ्रीड ससून हे रेचेल यांचे भाचे, म्हणजे डेव्हिड यांचे पणतू होत.