पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७

पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ ही तत्कालीन पश्चिम जर्मनीतील श्टुटगार्ट येथील पोर्शे कंपनीने १९७२ व १९७३ या वर्षांत तयार केलेली दोन दारांची स्पोर्ट्स कार होय. मोटार शर्यतींच्या नियमांची पूर्तता करण्यासाठी तिची निर्मिती झाली. तथापि ती सार्वजनिक रस्त्यावर चालविण्यासही योग्य होती. ग्राहकाला ही गाडी मुख्यतः दोन रूपांत मिळे : शर्यतीच्या दृष्टीने अनावश्यक वस्तू काढून टाकलेली, वजनाने हलकी ‘स्पोर्ट’ आणि नित्याच्या वापरासाठी सुखसोयींनी युक्त ‘टूरिंग’. दोहोंचे इंजिन एकच होते. एकूण १,५८० गाड्यांपैकी १,३०८ टूरिंग, तर केवळ २०० स्पोर्ट होत्या. शर्यतीसाठी जन्मलेल्या या गाडीच्या बहुसंख्य ग्राहकांनी आरामदायी रूप निवडले, ही बाब तिच्या इतिहासात महत्त्वाची मानली जाते.

नावाची व्युत्पत्ती

‘आरएस’ ही अक्षरे ‘रेनस्पोर्ट’ या जर्मन शब्दाची आद्याक्षरे असून त्याचा अर्थ ‘शर्यतीचा खेळ’ असा होतो. ‘कॅरेरा’ हा शर्यत या अर्थाचा स्पॅनिश शब्द आहे. मेक्सिकोत १९५० ते १९५४ या काळात होणाऱ्या ‘कॅरेरा पानामेरिकाना’ या शर्यतीत पोर्शेच्या गाड्यांनी यश मिळविले होते. त्याची आठवण म्हणून कंपनीने हे नाव आधीही काही गाड्यांना दिले होते. ‘२.७’ हा आकडा इंजिनाची लिटरमधील क्षमता दर्शवितो.

पार्श्वभूमी

पोर्शेच्या ९१७ या गाडीने १९७० व १९७१ मध्ये ल माँ येथील २४ तासांची शर्यत जिंकली. १९७२ पासून जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींत इंजिनाच्या क्षमतेवर तीन लिटरची मर्यादा आल्याने ९१७ तेथे निरुपयोगी ठरली. तेव्हा अर्न्स्ट फुर्मान यांच्या नेतृत्वाखाली कंपनीने आपल्या नेहमीच्या ९११ या गाडीवर आधारित शर्यतीची गाडी तयार करण्याचे ठरविले. ‘ग्रुप ४’ या वर्गात भाग घेण्यासाठी त्या प्रकारच्या किमान ५०० गाड्या तयार होणे आवश्यक होते. अशा मान्यतेला ‘होमोलोगेशन’ म्हणतात. थोडक्यात, शर्यतीच्या मैदानात उतरण्यासाठी कंपनीला आधी पाचशे सामान्य ग्राहक शोधणे भाग होते.

इतके ग्राहक मिळतील की नाही, याविषयी कंपनीचा विक्री विभाग साशंक होता. गाडी ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिस येथील मोटार प्रदर्शनात मांडण्यात आली आणि नोव्हेंबरअखेर पाचशेही गाड्यांची नोंदणी पूर्ण झाली. त्यामुळे उत्पादन वाढविण्यात आले. एक हजार गाड्या पूर्ण झाल्यावर तिला ‘ग्रुप ३’ या वर्गाचीही मान्यता मिळाली. जुलै १९७३ पर्यंत १,५८० गाड्या विकल्या गेल्या.

रचना

मूळ ९११ एस या गाडीच्या २,३४१ घन सेंमी. इंजिनात सिलिंडरचा व्यास ८४ मिमी. वरून ९० मिमी. करण्यात आला, दट्ट्याची धाव ७०.४ मिमी. इतकीच ठेवली. सिलिंडरच्या आतील पृष्ठभागावर निकेल व सिलिकॉन कार्बाइड यांचा ‘निकासिल’ नावाचा पातळ लेप दिल्याने जाड अस्तराची गरज उरली नाही व व्यास वाढविणे शक्य झाले. हवेने थंड होणाऱ्या या सहा सिलिंडरच्या इंजिनाची क्षमता २,६८७ घन सेंमी. झाली आणि शक्ती १९० वरून २१० मेट्रिक अश्वशक्तीपर्यंत (मिनिटास ६,३०० फेऱ्यांना) वाढली.

इंजिन मागील चाकांच्याही मागे असल्याने ९११ गाडीचा मागील भाग अतिवेगात हवेमुळे उचलला जाई. हा दोष कमी करण्यासाठी हेर्मान बुर्स्ट व टिल्मान ब्रोडबेक या अभियंत्यांनी रोल्फ वीनर या आकारकाराच्या साहाय्याने इंजिनाच्या झाकणावर वर वळलेली कड बसविली. बदकाच्या शेपटीसारख्या दिसणाऱ्या या भागाला जर्मन भाषेत ‘ब्युर्त्सेल’ म्हणतात. मागील चाके पुढच्यांपेक्षा रुंद (पुढे ६ इंच, मागे ७ इंच) होती व त्यांना सामावून घेण्यासाठी मागील पंखे फुगीर केले होते. पांढऱ्या गाडीच्या दोन्ही बाजूंवर लाल, निळ्या किंवा हिरव्या रंगात लिहिलेले ‘कॅरेरा’ हे नाव तिची ओळख बनले.

स्पोर्ट आणि टूरिंग

गाडीची मूळ किंमत ३४,००० मार्क होती. स्पोर्ट रूपासाठी (संकेतांक एम ४७१) ७०० मार्क, तर टूरिंग रूपासाठी (संकेतांक एम ४७२) २,५०० मार्क जादा द्यावे लागत.

स्पोर्ट रूपात मागील आसने, गालिचे, घड्याळ व हात टेकण्याचे आधार नव्हते. पुढील आसने हलकी व खोलगट होती. दार ओढून घेण्यासाठी मुठीऐवजी पट्टा होता. काचा नेहमीपेक्षा पातळ होत्या. पुढील झाकणावरील धातूच्या बोधचिन्हाऐवजी छापील चिन्ह चिकटविलेले असे. टूरिंग रूपात ९११ एस या गाडीप्रमाणे आतील सजावट, आसने व ध्वनिरोधक थर मिळत. बऱ्याच टूरिंग गाड्या आधी हलक्या स्वरूपात तयार करून मान्यतेसाठी तोलल्या जात व नंतर कारखान्यात परत आणून त्यांत सुखसोयी बसविल्या जात.

दोन्ही रूपांची तुलना पुढीलप्रमाणे :

वजन : स्पोर्ट ९६० किग्रॅ.; टूरिंग १,०७५ किग्रॅ.
ताशी १०० किमी. वेग गाठण्यास लागणारा वेळ : स्पोर्ट ५.८ सेकंद, टूरिंग ६.३ सेकंद
कमाल वेग : स्पोर्ट ताशी २४५ किमी.; टूरिंग ताशी २४० किमी.
निर्मिती : स्पोर्ट २००, टूरिंग १,३०८

उरलेल्या ७२ गाड्यांपैकी ५५ निव्वळ शर्यतीच्या ‘आरएसआर’ प्रकारच्या, तर १७ मूळ मान्यता-स्वरूपातील होत्या.

निवडीमागील तत्त्व

दोन रूपांतील ११५ किग्रॅ. वजनाचा फरक कोठे जाणवतो, हे गाडीच्या वापरावर अवलंबून असते. गतिमान वस्तूची गतिज ऊर्जा तिच्या वस्तुमानाच्या सम प्रमाणात असते. म्हणून समान वेगावरून थांबताना स्पोर्ट गाडीच्या ब्रेकना टूरिंगच्या तुलनेत सुमारे १०.७ टक्के कमी ऊर्जा शोषावी लागते. शर्यतीच्या मार्गावर प्रत्येक वळणापूर्वी वेग कमी करणे, वळण घेणे व पुन्हा वेग वाढविणे ही क्रिया शेकडो वेळा घडते. त्यामुळे हलकेपणाचा लाभ प्रत्येक फेरीत साठत जातो, शिवाय टायर व ब्रेक कमी झिजतात. याउलट कमाल वेग मुख्यतः इंजिनाची शक्ती व हवेचा अवरोध यांवर ठरत असल्याने त्यात केवळ ५ किमी.चा फरक पडतो.

सार्वजनिक रस्त्यावर वेगमर्यादा, रहदारी व अंतर यांमुळे अर्ध्या सेकंदाच्या फरकाचा उपयोग क्वचितच होतो. पातळ काचा व ध्वनिरोधक थरांचा अभाव यांमुळे येणारा आवाज मात्र प्रवासभर सोबत राहतो. मागील आसने नसल्याने लहान मुलांना नेता येत नाही. स्पोर्ट रूपाचा मालक मूळ किमतीपेक्षा अधिक पैसे देऊन कमी वस्तू घेत असे. त्या वस्तूंचा अभाव हाच त्याच्या दृष्टीने गुण होता. टूरिंगच्या मालकाला तेच इंजिन, तीच चाके व तीच मागील कड मिळे आणि गाडी रोज वापरता येई.

शर्यतींतील कामगिरी

आरएसवरून विकसित केलेल्या आरएसआर या गाडीने फेब्रुवारी १९७३ मध्ये अमेरिकेतील डेटोना येथील २४ तासांची शर्यत जिंकली. पीटर ग्रेग व हर्ली हेवूड हे तिचे चालक होते. त्याच वर्षी मे महिन्यात हर्बर्ट म्युलर व हाइस व्हान लेनेप यांनी सिसिली बेटावरील टार्गा फ्लोरिओ ही शर्यत आरएसआर गाडीतून जिंकली. मूळ आरएस गाडीचे होमोलोगेशन प्रामुख्याने टूरिंगच्या ग्राहकांनी साध्य करून दिले होते.

नंतरचा वारसा

हेच दोन पर्याय पोर्शेने पुढेही जपले. १९९९ मध्ये आलेली ९११ जीटी३ ही गाडी साध्या रूपाबरोबरच ‘क्लबस्पोर्ट’ रूपात मिळे. त्यात संरक्षक नळ्यांचा सांगाडा, अग्निशामक व शर्यतीचे पट्टे असत. २०१३ च्या जीटी३ मध्ये केवळ स्वयंचलित द्विक्लच गिअरपेटी होती व त्यावर हाताने गिअर बदलू इच्छिणाऱ्या चालकांनी टीका केली. २०१६ मध्ये हाताने गिअर बदलण्याची, मागे मोठा स्थिर पंख नसलेली ९११ आर ही गाडी केवळ ९९१ नगांत काढण्यात आली. पुढे २०१७ च्या जीटी३ मध्ये असा गिअर परत आला आणि त्याच वर्षी ‘टूरिंग’ हे नावही पुनरुज्जीवित झाले.

या नावाचा अर्थ मात्र बदलला आहे. १९७३ मध्ये टूरिंग म्हणजे जास्त वजन व जास्त सुखसोयी असा अर्थ होता. २०१७ च्या टूरिंगचे ५०० अश्वशक्तीचे चार लिटर इंजिन व सस्पेन्शन नेहमीच्या जीटी३ प्रमाणेच होते. स्थिर पंख काढून तिचे बाह्यरूप सौम्य केले होते. म्हणजे तिचा ग्राहक मऊ प्रवास नव्हे, तर लक्ष वेधून न घेणारे रूप निवडत होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये सादर झालेल्या जीटी३ टूरिंगमध्ये प्रथमच मागील आसनांचा पर्याय देण्यात आला.

संग्राहकांच्या दृष्टीने

आज संग्राहकांच्या बाजारात स्पोर्ट रूपाला टूरिंगपेक्षा बरीच अधिक किंमत मिळते. कारण त्याची संख्या कमी आहे व ते शर्यतीच्या मूळ कल्पनेला अधिक जवळचे आहे. या फरकामुळे काही टूरिंग गाड्यांतील सुखसोयी काढून त्यांना स्पोर्टचे रूप देण्याचे, तसेच साध्या ९११ गाड्यांपासून आरएसच्या प्रतिकृती बनविण्याचे प्रकार घडले. त्यामुळे खरेदीपूर्वी सांगाडा क्रमांक, इंजिन क्रमांक व कारखान्यातील नोंदी पडताळून पाहिल्या जातात. स्वतंत्रपणे पाहता, जे रूप १९७३ मध्ये दुर्मीळ निवड होती, तेच आज सर्वाधिक मागणीचे ठरले आहे.