पौषातली बाजरी

निफाडची थंडी हल्ली पेपरात येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा उतरला की तो आकडा राज्यभर छापला जातो, आणि द्राक्षबागांतून रात्रभर शेकोट्या धुमसतात. आमच्या लहानपणी आकड्याचं काम आजी करायची. पहाटे अंगणातल्या बादलीत बोट बुडवायची आणि म्हणायची, "आज पोरांच्या आंघोळी राहू द्या." आम्हाला तेवढं पुरे होतं.

अशाच एका थंडीत आमच्या ओट्यापुढं कविता वाचल्या गेल्या. सांगायचंय ते त्याबद्दलच. पण कवितेचा विषय निघाला की आबा, म्हणजे आमचे आजोबा, आठवणार आणि आबांमागून माधवराव रानडे येणार, त्याला इलाज नाही.

न्यायमूर्ती रानड्यांचा जन्म निफाडचा, 18 जानेवारी 1842 चा, म्हणजे ऐन थंडीतला. आबांच्या लेखी ते घरातलेच कुणी थोरले होते. रानडे आणि लोकहितवादींच्या पुढाकाराने 11 मे 1878 ला पुण्याच्या हिराबागेत पहिलं ग्रंथकार संमेलन भरलं. आबा ते असं सांगत, जणू तिथल्या सतरंज्या त्यांनीच झटकल्या होत्या. लिहिणाऱ्याने घरी बसून लिहावं, पण कधीतरी चार माणसांत येऊन आपण काय लिहिलं ते बोलावं, ही चाल आपल्या गाववाल्यानं पाडली, असा त्यांचा सिद्धांत. बाबा मुद्दाम टोकायचे, "आणि 1885 चं बोलावणं जोतीरावांनी का परतवलं? शूद्रातिशूद्रांचं, शेतकऱ्याचं तिथं कोण बोलणार होतं?" आबा जरा गप्प व्हायचे. आमचंही घर कांदा-बाजरीवालंच. मग हळूच म्हणायचे, "बरोबरच लिवलं फुल्यांनी. पण बोलावणं धाडलं व्हतं ना?"

1942 साली नाशिकला साहित्य संमेलन भरलं, आचार्य अत्रे अध्यक्ष. आबा पॅसेंजरनं गेले, फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून. अत्रे काय बोलले, हे आम्ही खोदून खोदून विचारायचो. त्यांना एवढंच आठवे की हसता हसता शेजारच्या गृहस्थाची टोपी पडली आणि ती कुणाच्या तरी पायाखाली गेली. टोपीची गोष्ट मात्र दर वेळी नवी.

त्याच वर्षी 'विशाखा' निघाली. खांडेकरांनी ती प्रसिद्ध केली. कुसुमाग्रजांचं बालपण आमच्याच तालुक्यातल्या पिंपळगाव बसवंतचं. वडील तिथं वकिली करत. पुढं 1987 चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं, तेव्हा पिंपळगावच्या आमच्या सोयऱ्यांत शिरवाडकरांशेजारी शाळेत बसलेल्यांची संख्या एवढी वाढली, की तो बाक निदान वीस हात लांब असला पाहिजे.

बाबांची पिढी वेगळी. विंदा करंदीकर, वसंत बापट, मंगेश पाडगावकर ही तिघं गावोगाव एकत्र काव्यवाचन करत हिंडली, ते त्यांनी ऐकलेलं. बाबांना कविता फारशा पाठ नव्हत्या. दोन कवितांच्या मधलं बोलणं पाठ होतं. करंदीकर वाचताना हात कसा उचलायचे, हे ते जेवताना भाकरीसकट करून दाखवत, आणि आई म्हणे, "कोरड्यास सांडेल."

तर ती थंडी. मी चौथीत असेन, किंवा पाचवीत. दोन गावं पलीकडचे एक मास्तर कविता करत. मफलर गुंडाळून सायकलवर आले. जाळावर हरभऱ्याचे डहाळे टाकलेले, घाटे तडतडत होते, सगळ्यांची बोटं नि ओठ काळे. मास्तर आधी कवितेची कहाणी सांगत, मग कविता. पाऊलवाटेवर पोपटाचं पीस सापडलं, ते उचललं आणि ओळी सुचल्या, असं एका कवितेबद्दल म्हणाले. त्यात पौषाचा महिना होता, बाजरीचं झुकलेलं कणीस होतं आणि त्याला यमक अर्थातच पीस. वाचून झाल्यावर त्यांनी वर्गातल्यासारखं विचारलं, "काही शंका?"

आबांनी घाटा सोलता सोलता म्हटलं, "कविता झ्याक. पण मास्तर, पौषात बाजरी कुढून आणली वो?"

"आबा, ते यमकासाठी."

"यमक असू द्या. बाजरी दिवाळीच्या आधी खळ्यावर येती. पौषात गहू. अन् गव्हाला ओंबी."

सगळे हसले. मास्तर नाही हसले. त्यांनी पेन काढलं, बाजरीवर काट मारली आणि बोटांवर मोजू लागले. क-णी-स, चार मात्रा, ओं-बी, चार. "बसतंय की!" म्हणाले, आणि लगेच चेहरा उतरला. पीस उघडं पडलं होतं.

तेव्हा दाराआडून आजी बोलली, "वारा झोंबी घेतो म्हणा." आणि चहाचं आधण बघायला आत गेली.

आजीला लिहिता येत नव्हतं. गावात गिरणी यायच्या आधी जात्यावर तिनं किती ओव्या रचल्या असतील, देव जाणे. मास्तरांना त्या रात्री तीन-चार जणांनी विचारलं, हे सुचतं कसं. आजीला कुणी विचारलं नाही. मीही नाही, आणि नंतर वेळ होता तेव्हाही नाही.

आता आमच्या घरात ही गोष्ट अशी सांगतात की आबांनी खुद्द कुसुमाग्रजांची कविता दुरुस्त केली. 27 फेब्रुवारीला शाळेत पुतण्याच्या पोरानं ती माईकवर सांगितली, टाळ्याही घेतल्या. मी खाली बसून होतो. उठावंसं वाटलं होतं, पण आबांची टोपी आठवली.

मास्तरांनी तो कागद आमच्याकडंच ठेवला होता आणि आजीनं कुरडयांच्या डब्याच्या तळाशी घातला होता. मागं डबा घासायला काढला तेव्हा निघाला. शाई उडालेली, घड्यांवर चिरलेला. बाजरीवरची काट दिसते, ओंबी लागते. झोंबी शोधली. तिथं आबांच्या अक्षरात कांद्याच्या गोण्यांचा हिशेब आहे.