तणासाठी मोबदला

‘तण खाई धन’ हे आपल्याकडे शेतकऱ्याचं पोर लहानपणापासून ऐकत येतं. जर्मनीत मात्र सरकारने शेतकऱ्याला तण राखण्याबद्दल पैसे दिले. निसर्ग सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला आज तिथे जी अनुदानं मिळतात, त्यांचं कुळ मी या तणापाशीच नेतो.

ठिकाण आयफेलच्या डोंगराळ भागातला ऑइसकिर्शेन जिल्हा. जमीन चुनखडीची, उथळ, गोट्यांची. तणनाशकं आली आणि धान्याच्या शेतातलं निळं कॉर्नफ्लॉवर, लालभडक अडोनिस विरळ होत गेलं. कॉर्नकॉकल या तणाचं बी धान्याच्या दाण्यात मिसळून पेरलं जायचं. बियाणं यंत्राने निवडलं जाऊ लागताच तेही संपत आलं. बॉन विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ वोल्फगांग शूमाखर यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस इथल्या शेतकऱ्यांपुढे एक साधा प्रस्ताव ठेवला: शेताच्या कडेची दोन-तीन मीटरची पट्टी फवारू नका, घटलेल्या उत्पन्नाची भरपाई मिळेल. कडेला पीक तसंही कमीच येतं, म्हणून सौदा दोघांनाही परवडला. 1980मध्ये त्यांनी हा अनुभव शोधनिबंधातून मांडला आणि पुढे राज्याराज्यांत अशा पट्ट्यांच्या योजना निघाल्या.

करारच का, सक्ती का नाही? 1976च्या जर्मन निसर्गसंरक्षण कायद्यातच म्हटलं होतं की रीतसर केलेली शेती सहसा निसर्गरक्षणाला धरूनच असते. असं कलम असताना शेतकऱ्याला दमात घेणार कोण? माझ्या मते या कलमानेच पैशाची वाट मोकळी केली.

आता प्रतिस्पर्धी दावे. नेदरलँड्सने शेतकऱ्यांशी करार करण्याचं धोरण 1975मध्येच आखलं होतं. ब्रिटनमध्ये 1985 साली हॅल्व्हरगेटची पाणथळ कुरणं नांगरली जाऊ नयेत म्हणून पैसे दिले गेले, आणि त्याच वर्षी युरोपीय नियमावलीत अशा मदतीचं कलम आलं. जर्मनीतल्याच बव्हेरिया राज्याने 1983पासून कुरणात घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी उशिरा गवत कापण्याचा मोबदला सुरू केला. तारखा पाहिल्या तर डच पुढे आहेत, हे मान्य. पैसे आयफेलमध्येही काही न करण्याचेच होते, हेही खरं. पण तिथे पट्टी निवडताना जमिनीत कोणतं दुर्मीळ बी अजून तग धरून आहे, हे पाहिलं जाई. कराराच्या मुळाशी वनस्पतीची ओळख होती, आणि मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

1992नंतर युरोपीय निधीने या योजना सर्वत्र पसरल्या. त्या ओळखीचा खरा विस्तार मला 2000मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्यात दिसतो. तिथे 28 फुलांची यादी ठरली. कुरण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं चालत जायचं, वाटेचे तीन भाग करायचे आणि प्रत्येक भागात यादीतली किमान चार फुलं सापडली की हेक्टरी सुमारे 50 युरो जादा. कधी कापा, किती खत घाला, याचा जाच नाही. फुलं टिकवण्याची अक्कल शेतकऱ्याची. त्याची आजी ज्या कुरणात गवत कापायची, तिथली फुलं तो नावानिशी ओळखू लागला तर पैसे त्याचे. 2023पासून चार सूचक वनस्पतींची ही अट देशभरच्या अनुदानात आली आहे, आणि वनस्पतींची यादी प्रत्येक राज्य आपल्या मातीप्रमाणे ठरवतं.