चरबीतला विस्तव

एब्स्टाइन या जर्मन वैद्याने 1876 मध्ये एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली. मधुमेही रुग्णांना सोडियम सॅलिसिलेट दिले, की त्यांच्या लघवीतून जाणारी साखर कमी होई. 1901 मध्ये इंग्लंडच्या विल्यमसन यांनाही तोच अनुभव आला. सॅलिसिलेट हा अ‍ॅस्पिरिनचा भाऊबंद. ताप उतरवणारा, सूज ओसरवणारा. त्याचा साखरेशी काय संबंध? हा प्रश्न पुढे जवळजवळ शंभर वर्षे कोणी धसास लावला नाही.

याचे एक कारण असे, की चरबी म्हणजे निव्वळ कोठार, हे सर्वांच्या मनात पक्के होते. भंडारा जिल्ह्यात धान निघाले की कोठी भरते आणि वर्षभर रिकामी होत जाते, तशीच ही चरबी. वर्गात आपणही तेच शिकवतो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे.

1993 मध्ये होतामिस्लिगिल आणि स्पीगेलमन यांना अमेरिकेत लठ्ठ उंदरांच्या मेदऊतीत 'टीएनएफ-अल्फा' हे प्रथिन जास्त प्रमाणात आढळले. जखम झाली किंवा जंतू शिरले, की शरीरात जी धावपळ सुरू होते तिला दाह म्हणतात; हे प्रथिन त्या धावपळीतले. ते निष्प्रभ केल्यावर उंदरांच्या शरीरात इन्शुलिन अधिक चांगले काम करू लागले. जखम नाही, जंतू नाहीत, मग दाह कशाचा? 2003 मध्ये दोन संशोधकगटांनी उत्तर दिले. लठ्ठपणात मेदऊतीमध्ये महाभक्षी पेशी येऊन ठाण मांडतात. सडपातळ माणसाच्या मेदऊतीतील पेशींत त्यांचे प्रमाण 10 टक्क्यांहून कमी, तर लठ्ठ माणसात 40 टक्क्यांच्या आसपास. (भक्षक पेशींचे कार्य ओळखणारे मेचनिकॉफ हे मुंबईत प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकिन यांचे गुरू.) प्रमाणाबाहेर फुगलेली मेदपेशी मरते, आणि महाभक्षी तिच्याभोवती मुकुटासारखे कडे करून बसतात. त्यांनी सोडलेली रसायने इन्शुलिनच्या कामात अडथळा आणतात. हा भडका नव्हे, राखेखालचा विस्तव आहे. म्हणूनच तो इतकी वर्षे दिसला नाही.

मग चरबी काढून टाकली तर विस्तव विझेल? सरळ वाटणारा हा प्रयोग 2004 मध्ये अमेरिकेत क्लाइन यांनी केला. 15 लठ्ठ स्त्रियांच्या त्वचेखालून सुमारे 10 किलो चरबी शोषून काढली. दहा-बारा आठवड्यांनी तपासले, तर इन्शुलिनची परिणामकारकता होती तेवढीच आणि रक्तातील दाहाच्या खुणाही जशाच्या तशा!

दुसरा मार्ग जठराच्या शस्त्रक्रियेचा. 1966 मध्ये आयोवा येथे एडवर्ड मेसन यांनी जठराचा लहानसा भाग वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडला. हेतू वजन घटवण्याचा. पण 1995 मध्ये वॉल्टर पोरीज यांनी आपल्या रुग्णांचा हिशेब मांडला, तेव्हा बहुतेकांचा मधुमेह मागे हटला होता. 2005 मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी अशा रुग्णांच्या मेदऊतीचे नमुने शस्त्रक्रियेपूर्वी आणि तीन महिन्यांनी घेऊन तुलना केली. महाभक्षी घटले होते, त्यांना बोलावणाऱ्या प्रथिनांची निर्मितीही मंदावली होती.

फरक कुठे पडला? शोषून काढताना चरबी कमी झाली, पण उरलेल्या पेशी तितक्याच फुगलेल्या राहिल्या. आतड्यांभोवतीच्या चरबीला तर हातही लागला नव्हता. शस्त्रक्रियेनंतर आहार घटतो आणि अंगभरची प्रत्येक मेदपेशी आकसते. प्रश्न चरबी किती याचा कमी, ती कोणत्या अवस्थेत आहे याचा अधिक.

मात्र सगळे श्रेय दाह ओसरण्याला देऊ नये. साखर काही दिवसांतच उतरू लागते, महाभक्षी घटायला महिने लागतात. 2010 मधील उंदरांवरच्या एका अभ्यासात तर वजन झपाट्याने उतरताना ते आधी वाढले आणि मग घटले. सुरुवातीचे श्रेय कमी आहाराला आणि जीएलपी-1 सारख्या आतड्यातील संप्रेरकांना जाते.

हे सारे अगडबंब देहांचे झाले. आपल्याकडच्या काटक माणसांचे काय? पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. या मातांचे सरासरी वजन 42 किलो. पाठीच्या कण्याला बाक येईस्तोवर रोवणी करणाऱ्या बाया रोज पाहणाऱ्या साकोली-लाखांदूरच्या शिक्षकाला हा आकडा नवा वाटणार नाही. त्यांची बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्रज बाळांपेक्षा बरीच लहान. पण स्नायू कमी असूनही त्वचेखालची चरबी मात्र जवळजवळ राखलेली. 2004 मध्ये याज्ञिकांनी इंग्लंडच्या युडकिन यांच्याबरोबर स्वतःचेच छायाचित्र 'लॅन्सेट'मध्ये छापले. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा निर्देशांक दोघांचाही 22.3. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के!

शस्त्रक्रियेचे नियम मात्र याच निर्देशांकावर बेतलेले होते. 1991 मध्ये अमेरिकेत मर्यादा ठरली ती 40, मधुमेहासारखा विकार असल्यास 35. पुण्याच्या डॉ. शशांक शहा आणि सहकाऱ्यांनी 35 पेक्षा कमी निर्देशांकाच्या 15 मधुमेही भारतीयांवर ही शस्त्रक्रिया केली. 2010 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले, की तीन महिन्यांत एकालाही मधुमेहाचे औषध लागत नव्हते. पंधरा ही संख्या थोडी, आणि आयुष्यभर जीवनसत्त्वे व लोह घ्यावे लागणारा हा उपाय हलका नव्हे. तरी 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय शल्यतज्ज्ञ संघटनांनी नियम बदलले, तेव्हा आशियाई लोकांसाठी निर्देशांकाची मर्यादा 27.5 वर आणली.