अखेरचें लुगडें

मनुष्याचें पहिलें वस्त्र दुसऱ्यानें दिलेलें असतें आणि अखेरचेंहि दुसराच नेसवितो. हें अखेरचें तरी आपण निवडलेलें असावें, म्हणून कित्येक वृद्ध स्त्रिया तें स्वतःच बाजूस काढून ठेवीत आल्या. नागपूरकडील जुन्या घरांत म्हातारीच्या पेटीच्या तळाशीं काशीहून आणलेली गंगा आणि एक कोरें लुगडें सांपडे. कोष्ट्यांच्या मागावरील रेशीमकांठी लुगड्यांसाठीं हें शहर प्रसिद्ध होतें. १ जानेवारी १८७७ रोजीं टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाल्यावर गिरणीचें कापडहि मिळूं लागलें.

या तजविजीस अशुभ म्हणून हिणविणें बरोबर नव्हे. एकत्र कुटुंबांतील हिंदु विधवेस पूर्वीं कायद्यानें केवळ अन्नवस्त्राचा हक्क असे. १९३७ च्या कायद्यानें तिला पतीच्या हिश्श्यावर हयातीपुरता अधिकार मिळाला व १९५६ सालीं पूर्ण मालकी. तोंपर्यंत ‘हें माझें’ असें निःशंकपणें म्हणण्याजोग्या ज्या थोड्या वस्तु तिच्यापाशीं होत्या, त्यांत हें घडी न मोडलेलें लुगडें होतें. आपल्या मरणाचा भार मुलांवर पडूं नये, हा मानी विचारहि त्यामागें असे.

रंग मात्र तिच्या हातीं नव्हता. अहेवपणीं मरण आलें तर हिरवें लुगडें, हिरवा चुडा, मळवट आणि ओटी. विधवेच्या वाट्यास हें कांहीं येत नसे. सधवेनें हौसेनें राखलेलें हिरवें लुगडें, पति आधीं गेला तर, लेकीसुनेस देऊन टाकावें लागे. मुसलमान समाजांत हा भेद नाहीं. तेथें स्त्रीचें कफन पांच पांढऱ्या वस्त्रांचें, सधवेस व विधवेस सारखेंच. हजहून परततांना जमजमच्या पाण्यांत भिजविलेलें कफन आणून जपून ठेवणाऱ्या वृद्धा त्यांच्यांतहि आहेत.

नागपूरपासून जवळच असलेल्या सेवाग्रामच्या आश्रमांत राहिलेल्या कस्तुरबा गांधी २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं पुण्याच्या आगाखान राजवाड्यांत, स्थानबद्ध असतांनाच, निवर्तल्या. पतीनें कातलेल्या सुताची साडी त्यांनीं याच प्रसंगाकरितां राखून ठेविली होती. तीच नेसवून दुसऱ्या दिवशीं त्यांस अग्नि देण्यांत आला. देह सरकारच्या बंदींत होता. वस्त्राचा निर्णय त्यांचा स्वतःचा राहिला.

घरांतील वृद्धेनें अशी घडी उलगडून दाखविली, तर ‘भलतें बोलूं नये’ म्हणून तिला गप्प करूं नये. कोणतें वस्त्र, कोठें ठेविलें आहे, हें तिच्यापाशीं बसून नीट ऐकून घ्यावें.